फुकट गेलेल्या फेऱ्यांची वही : घर दाखवणाऱ्या एजंटाला पर्यावरणासाठी रोज काय करता येईल?

चावीगुच्छ

घरांच्या खरेदी-विक्रीची आणि भाड्याची कामं करायला लागून मला १४ वर्षं झाली. या धंद्याचा पर्यावरणाशी काय संबंध, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. आपला कारखाना नाही, धुराडं नाही, आपण दोन माणसांची गाठ घालून देतो. मागच्या महिन्यात मात्र गाडीत एक वही ठेवली आणि घर दाखवायला केलेली प्रत्येक फेरी तिच्यात लिहायला घेतली. कुठून कुठे गेले, किती किलोमीटर झाले, आणि शेवटच्या रकान्यात पार्टीने घर का नाकारलं ते.

महिनाअखेर ५८ फेऱ्या भरल्या. शेवटचा रकाना वरून खाली वाचत आले आणि वाईट वाटलं. १९ ठिकाणी नकाराचं जे कारण लिहिलं होतं ते मला घरातून निघायच्या आधीच माहीत होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा नाही. डबल बेड ठेवला की कपाटाचं दार पुरतं उघडत नाही. मालकाला कुत्रा चालत नाही आणि पार्टीकडे कुत्रा आहे. यातलं काहीच मी फोनवर बोलले नव्हते, कारण "एकदा बघू तर दे, आवडलं तर जमवून घेतील" ही आमच्याकडची जुनी सवय. त्या १९ वेळा मी एका टोकाकडून गाडी काढली, पार्टी दुसऱ्या टोकाकडून आली आणि दोघंही रिकाम्या हाती परतलो.

आणखी ७ फेऱ्या नुसत्या चावीपायी गेल्या. चावी मालकाच्या भावाकडे, भाऊ कामावर, त्याचा फोन लागेना. दारापर्यंत जाऊन कुलूप बघून परत.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय : एजंटाने लपवलेली प्रत्येक उणीव शेवटी पेट्रोल जाळते. आपलंही आणि पार्टीचंही.

मी आता काय करते ते सांगते. घर हातात आलं की पहिल्याच भेटीत एक मोबाईल व्हिडिओ काढते, कापाकापी न करता, इमारतीच्या फाटकापासून गॅलरीपर्यंत. जिना असेल तर जिना चढताना कॅमेरा चालूच असतो. नळ सोडून पाण्याचा दाब दाखवते. खिडकी उघडून १५ सेकंद गप्प उभी राहते, म्हणजे रस्त्याचा आवाज जसा आहे तसा ऐकू येतो. टेप लावून भिंतींची मापं घेते आणि कागदावर साधा नकाशा काढून त्याचा फोटो जोडते. हे सगळं आधी पाठवायचं आणि त्यानंतरच "बघायला येताय का?" विचारायचं. एका भागातली घरं एकाच दिवशी दाखवायची, हे तर ओघानेच आलं.

तुम्ही एजंट असाल, घरमालक असाल, घर शोधणारे असाल, तुम्हाला यात काय दिसतं ते लिहा. मोठ्या योजना नकोत, उद्या सकाळी करता येईल असं सांगा.

पायवाट

ताई, धागा आवडला. आकडेवारीत रस आहे म्हणून थोडी भर घालतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिझेलचा आकडा २.७ च्या आसपास. लोक विचारतात की पाऊण किलो वजनाच्या इंधनातून दोन किलोंवर वायू कसा निघेल? पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. एका लिटरमध्ये अंदाजे ६४० ग्रॅम कार्बन असतो, आणि कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचे दोन घेऊन बसतो, त्यामुळे वजन साडेतीनपटीहून वाढतं.

तुमच्या कामात आणखी एक गोष्ट आहे. एजंटाच्या फेऱ्या छोट्या असतात. दोन किलोमीटर गेलं, अर्धा तास गाडी बंद, पुन्हा तीन किलोमीटर. थंड इंजिन जास्त इंधन पितं. शिवाय धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काहीशे अंश तापल्याशिवाय नीट कामच करत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या मिनिटांतला धूर सगळ्यात घाण असतो. म्हणून एकाच भागातली तीन घरं असतील तर गाडी मधल्या घरापाशी लावा आणि बाकीची दोन चालत दाखवा. पार्टीला आजूबाजूचा परिसरही पायी कळतो.

गवाक्ष

मी घर घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आम्ही सात महिने घर शोधत होतो. सगळ्यात जास्त चकरा कशामुळे झाल्या असतील तर फोटोंमुळे. वाइड अँगलने काढलेल्या फोटोत हॉल मैदानासारखा दिसायचा आणि प्रत्यक्षात सोफा ठेवला की चालायला वाट उरत नव्हती. एका घराच्या फोटोत खिडकीतून झाडं दिसत होती. तिथे जाऊन पाहिलं तर खिडकीपासून हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. झाडं दिसत होती ती जिन्याच्या खिडकीतून.

त्या दिवशी आई-बाबांनाही सोबत नेलं होतं. दोन गाड्या, पाच माणसं, आणि घरात आम्ही चार मिनिटंसुद्धा थांबलो नाही.

त्यामुळे तुमचं ते न कापलेल्या व्हिडिओचं वाचून फार बरं वाटलं. एक विनंती : व्हिडिओत मोबाईलमधलं होकायंत्र उघडून प्रत्येक खोलीची दिशा दाखवा. दुपारनंतरचं ऊन कोणत्या खोलीत येतं यावर पंखा-एसी किती चालणार हे ठरतं, आणि हे आम्हाला राहायला गेल्यावर कळतं.

नवा_उंबरठा

मी चार वर्षांपासून या लाइनमध्ये आहे. चावीगुच्छ ताईंचा अनुभव मोठा आहे, पण मला एक अडचण मांडायचीच आहे. फोनवर "लिफ्ट नाही" म्हटलं की पार्टी फोन ठेवते आणि दुसऱ्या एजंटाला लावते. तो काहीच सांगत नाही, घर दाखवतो, आणि चारातला एक सौदा करूनही जातो. प्रत्यक्ष जागा बघून मन बदलतं हेही खरं आहे. उजेड, वारा, शेजार हे व्हिडिओत येत नाही. मी असे दोन सौदे केलेत, ज्यात पार्टीने आधी ठामपणे नाही म्हटलं होतं.

पर्यावरण मलाही महत्त्वाचं वाटतं. पण माझं घर ब्रोकरेजवर चालतं.

चावीगुच्छ

नवा_उंबरठा, तुमचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. असे सौदे माझेही झालेत. फरक मी असा करते : बदलू शकणारी गोष्ट आणि न बदलणारी गोष्ट. रंग, उजेड, शेजार, "आम्हाला हा भाग नकोच" यावर माणसाचं मत जागा बघून बदलतं, तिथे बघायला बोलावण्यात अर्थ आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींना चौथ्या मजल्यावर रोज चढायचं आहे, हे जागा कितीही छान असली तरी बदलत नाही. तिथे न बोलणं म्हणजे त्या आजींना उगाच चार मजले चढवणं.

आणि "नाही" म्हणणाऱ्या पार्टीला मी लगेच विचारते, "मग लिफ्टवालं, पण एक खोली कमी असलेलं चालेल का?" फोन ठेवला जात नाही. आपल्याला त्यांची खरी गरज कळते, पुढच्या तीन फेऱ्या वाचतात.

छापखाना

माझा छपाईचा व्यवसाय आहे आणि एजंट मंडळी माझी नेहमीची गिऱ्हाइकं, म्हणून थोडं मोकळेपणाने लिहितो. आमच्याकडे येणाऱ्या "विकणे आहे", "भाड्याने देणे आहे" या फ्लेक्सचं आयुष्य बहुतेक वेळा काही आठवड्यांचं असतं. घर गेलं की फ्लेक्स खाली येतो आणि कुठेतरी ताडपत्रीसारखा वापरला जातो किंवा कचऱ्यासोबत जाळला जातो.

फ्लेक्स म्हणजे आत पॉलिएस्टरची जाळी आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर. दोन वेगळी प्लास्टिक एकमेकांना चिकटवलेली असल्यामुळे त्याचा पुनर्वापर अवघड होऊन बसतो. पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग, साधारण ५७ टक्के, क्लोरीन असतो. उघड्यावर जाळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो, आणि डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. म्हणून जाळू तर अजिबात नका.

माझ्याकडे एका एजंटाने चांगली पद्धत सुरू केली. पत्र्याचे सहा बोर्ड एकदाच रंगवून घेतले. त्यावर फक्त "भाड्याने" किंवा "विक्रीसाठी" आणि त्याचा नंबर. खोल्या, चौरस फूट, मजला यांसाठी खडूने लिहायची काळी पट्टी. घर गेलं की ओल्या फडक्याने पुसून बोर्ड पुढच्या घरावर. तीन वर्षं तेच सहा बोर्ड फिरताहेत. माझं छपाईचं काम त्यात कमी झालं, तरी मी स्वतः इतरांना हेच सुचवतो.

दुसरं, फ्लेक्सवर तारीख, सणाच्या शुभेच्छा किंवा स्वतःचा फोटो टाकला की तो पुन्हा वापरता येत नाही. यातलं काही नसलेला, साधा मजकूर जास्त टिकतो. व्हिजिटिंग कार्डांचंही तसंच : प्लास्टिकचा थर म्हणजे लॅमिनेशन नको, साधा जाड कागद घ्या. हजारऐवजी दोनशे छापा. पत्ता बदलला की उरलेली आठशे कार्डं फेकलेली मी दर वर्षी बघतो.

निळी_शाई

कागदावर कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मी करारनाम्यांचं काम करते.

८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो (एका चौरस मीटरमध्ये १६ ए-४ बसतात, ८० भागिले १६). ४० पानी करारनाम्याच्या चार प्रती एका बाजूने छापल्या की ८०० ग्रॅम. तेवढ्यात भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण मसुदा तीनदा छापला जातो. पहिल्यात नावाचं स्पेलिंग चुकलेलं, दुसऱ्यात डिपॉझिटचा आकडा, तिसऱ्यात मालकाला एक कलम नको असतं. दरवेळी पूर्ण ४० पानं.

मी आता मसुदा फाइल म्हणूनच पाठवते आणि सोबत लिहिते की नाव, पत्ता, रक्कम, तारखा आणि नोटिशीचा काळ या पाच गोष्टी आधी तपासा, कारण नव्वद टक्के दुरुस्त्या माझ्या अनुभवात तिथेच निघतात. शेवटची प्रत एकदाच, दोन्ही बाजूंनी. जिथे कायदा कागदावरच सही मागतो तिथे कागद लागणारच, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. पण ओळखपत्रांच्या झेरॉक्स तीन-तीन वेळा मागू नका. आणि त्या झेरॉक्स रद्दीत देण्याआधी फाडा, नाहीतर लोकांच्या नावापत्त्यांसकट त्या कुठेही फिरतात.

सध्या_भाड्याच्या_घरात

गेल्या ९ वर्षांत पाच घरं बदलली. भाडेकरू बदलताना जो कचरा होतो त्यावर एजंट लोकांचं लक्ष जावं असं मनापासून वाटतं.

मागच्या वेळी घर सोडताना माझ्याकडे एक चांगली गादी, पडद्यांच्या दांड्या, एक लाकडी मांडणी आणि बादल्या होत्या. एजंटांनी सांगितलं, "घर पूर्ण रिकामं करून द्या." सगळं खाली नेऊन ठेवलं. दोन दिवसांनी नवीन भाडेकरू आले आणि त्यांनी त्याच मापाच्या पडद्यांच्या दांड्या विकत आणून भिंतीला नवीन भोकं पाडली. हे मला वॉचमनने सांगितलं. माझ्या दांड्या तेव्हा खाली कचऱ्याच्या ढिगाशेजारी उभ्या होत्या.

जाणारा आणि येणारा, दोघांचेही नंबर एकाच माणसाकडे असतात, तो म्हणजे एजंट. एक मेसेज टाकला असता, "हे हे सामान राहतंय, तुम्हाला हवंय का?" तर एक टेम्पोची फेरी आणि अर्धं सामान वाचलं असतं.

चावीगुच्छ

हे वाचून मला अपराधी वाटलं. "पूर्ण रिकामं" हे वाक्य मीही १४ वर्षं बोलत आलेय. उद्यापासून इन्व्हेंटरीच्या, म्हणजे घरातल्या सामानाच्या यादीच्या, कागदावर "जाणाऱ्याकडून येणाऱ्याकडे" असा रकाना घालते. मालकाची संमती, दोघांची सही, म्हणजे नंतर भांडण नको. गादीबद्दल मात्र सावध राहीन, ढेकणांची खात्री करता येत नाही.

रंगाचा_डबा

३० वर्षं घरं रंगवतोय. भाडेकरू बदलला की पूर्ण घराला रंग, ही पद्धत निम्म्या वेळा गरजेची नसते. दोन भिंतींवर डाग असतात, बाकी घर ओल्या फडक्याने निघतं. पण डाग असलेली भिंत तेवढी रंगवायची तर शेड जुळत नाही, म्हणून आख्खं घर रंगवावं लागतं. शेड का जुळत नाही? कारण मागच्या वेळी कोणता रंग लावला ते कोणालाच माहीत नसतं.

उपाय अगदी सोपा आहे. रंग झाला की डब्याच्या झाकणावरचा शेड नंबर, कंपनी आणि फिनिश यांचा फोटो काढून त्या घराच्या फाइलमध्ये ठेवायचा. उरलेला रंग लहान घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घरातच माळ्यावर. डब्यात हवा जितकी कमी तितका रंग टिकतो. पुढच्या वेळी अर्ध्या दिवसात काम होतं. फार जुनी भिंत असेल तर फिकी पडलेली असते, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक भिंत पूर्ण मारायची, जोड दिसत नाही.

थिनर आणि ऑइलपेंट मोरीत ओतू नका, रंगाऱ्यालाही ओतू देऊ नका. वापरलेला थिनर बाटलीत एक रात्र ठेवला की गाळ खाली बसतो, वरचा पुन्हा ब्रश धुवायला चालतो. गाळ वेगळा ठेवून घातक कचऱ्यात द्यायचा. आणि घर दाखवायच्या आदल्या दिवशी रंग द्यायला सांगू नका. त्या वासात, म्हणजे रंगातून उडणाऱ्या द्रव्यांत, लहान मुलांना घेऊन माणसं उभी राहतात.

पायवाट

रंगाचा_डबा काका, थिनर बसवून पुन्हा वापरायची युक्ती माहीत नव्हती. धन्यवाद.

गारवा_दुरुस्ती

एसीचं काम करतो, हा विषय कोणी काढलाच नाही म्हणून लिहितोय. माझ्या मते घर बदलताना होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथे आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

भाडेकरू जाताना स्वतःचा एसी काढून नेतो. घाईत बोलावलेला माणूस पाइपचा नट सैल करतो, "फुस्स" आवाज येतो, गॅस हवेत. नव्या घरी पुन्हा गॅस भरायचा. आर-४१०ए हा गॅस एक किलो सोडला तर १०० वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. जुना आर-२२ असेल तर सुमारे १,८१० किलो, शिवाय तो ओझोनचा थरही खातो. आर-३२ चा आकडा ६७५. वर पायवाट यांनी पेट्रोलचा हिशेब दिलाय, त्याच्याशी ताडून बघा : २,०८८ भागिले २.३ म्हणजे ९०० लिटरहून थोडं जास्त पेट्रोल. घरच्या एका स्प्लिट एसीत साधारण किलोभर, कमी-जास्त गॅस असतो.

हे टाळणं अवघड नाही. आमच्या भाषेत "पंप डाउन" म्हणतात. एसी थंडीवर चालू ठेवून बाहेरच्या युनिटची बारीक पाइपवरची व्हॉल्व्ह बंद करायची. कॉम्प्रेसर सगळा गॅस ओढून बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करतो. दाब उतरला की जाड पाइपची व्हॉल्व्ह लावायची आणि लगेच मशीन बंद करायचं. काही मिनिटांचं काम, गॅस युनिटमध्येच राहतो. कॉम्प्रेसर बिघडलेला असेल तर हे जमत नाही, तेव्हा रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्यावा लागतो. आणि हे स्वतः करून बघू नका, माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

एजंटाने एवढंच करायचं : घर सोडायच्या मेसेजमध्ये एक ओळ, "एसी काढणाऱ्याला पंप डाउन करायला सांगा." १९८७ चा मॉन्ट्रियल करार आणि २०१६ ची किगाली दुरुस्ती याच वायूंसाठी झाली. करार करणारे सगळे देश एकीकडे आणि तो नट फिरवणारा माणूस एकीकडे. त्याला कोणीतरी सांगायला हवं.

गवाक्ष

हे पहिल्यांदाच कळलं. आम्ही आमचा एसी असाच काढून आणला, तो "फुस्स" आवाज अजून कानात आहे. काढणाऱ्याने "गॅस तर नवीन भरावाच लागतो" असंच सांगितलं होतं.

ओळंबा

वास्तुरचनाकार आहे. एजंटांशी माझी गाठ पडते ती "विकण्याआधी घर नवं करून द्या" या टप्प्यावर, आणि माझं गाऱ्हाणं तिथेच आहे.

मालकाला एजंट सांगतो, फरशी जुनी दिसते, ओटा जुना दिसतो, काढून टाका, भाव चांगला येईल. फरशी फुटते, मलब्याच्या गोणी भरून खाली जातात. नवीन फरशी बसते. चार महिन्यांनी घर घेणारा येतो आणि त्याला तो रंग आवडत नाही म्हणून तो ती नवीकोरी फरशी फोडतो. एकाच घरात एका वर्षात दोनदा मलबा निघालेला मी स्वतः पाहिलाय. दुसऱ्या वेळी निघालेल्या फरशीवर कोपऱ्यात कारखान्याचं स्टिकर तसंच होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांत ऊर्जा आणि उद्योगांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा इमारती वापरण्याचा आणि बांधण्याचा धरला आहे. त्यात सिमेंटचा भाग मोठा. चुनखडी भट्टीत १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि इंधनाचा धूर सोडाच, खुद्द चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे फोडलेली प्रत्येक फरशी आणि तिच्याखालचा माल आधीच हा भार घेऊन आलेला असतो. सर्वात हिरवी फरशी ती, जी आहे तिथेच राहिली.

एजंटाने मालकाला सांगावं : गळती थांबवा, वायरिंग तपासा, दारं नीट लागतील असं करा, स्वच्छता करा. दिसण्याच्या गोष्टी घेणाऱ्यावर सोडा आणि भावात तेवढी सवलत द्या. घेणाऱ्यालाही हेच जास्त आवडतं.

जाता जाता, गवाक्ष यांच्या दिशेच्या मुद्द्याला धरून : युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने तिथे घराच्या विक्रीच्या आणि भाड्याच्या जाहिरातीत इमारतीचा ऊर्जा-दर्जा छापणं आवश्यक केलं. नियम असो वा नसो, मागच्या १२ महिन्यांची विजेची बिलं घराच्या जाहिरातीला जोडायला एजंटाला कोणी अडवत नाही. मालकाची परवानगी घ्या, नाव आणि ग्राहक क्रमांक झाका, बस. भारी बिलाच्या घराचा मालक मग स्वतःहून खिडकीला पडदे लावायचं मनावर घेतो.

नवा_उंबरठा

ओळंबा सर, हा मुद्दा पटला. फरशी बदलण्याचा सल्ला मी स्वतः दोन मालकांना दिलाय. सवलतीचं मालकाच्या गळी उतरवणं कठीण असतं हे मात्र खरं. त्यांना वाटतं एजंट घेणाऱ्याच्या बाजूने बोलतोय.

मोकळं_घर

रिकाम्या घरांची देखभाल हा माझा रोजचा भाग आहे, परदेशी असलेल्या मालकांची काही घरं सांभाळते. रिकाम्या घरात कोणी बघत नसतं आणि गोष्टी चालू राहतात.

एका घरात न्हाणीघराचा नळ ठिबकत होता, सेकंदाला एक थेंब असेल. त्याखाली एक लिटरची बाटली ठेवून हॉलमध्ये कागदपत्रं बघत बसले. एक तास आणि पाच-सात मिनिटांत ती काठोकाठ भरली. दिवसाला २१-२२ लिटर. मागच्या एजंटाने ते घर तीन आठवड्यांपूर्वी दाखवलं होतं, म्हणजे साडेचारशे लिटरच्या वर पाणी त्या जाळीतून गेलं. एक वॉशर बदललं, संपलं.

आता घरातून निघताना माझा क्रम ठरलेला आहे. दिवे, गिझर, मग फ्रिज. फ्रिज रिकामा असेल तर बंद करून, पुसून, दार किलकिलं ठेवायचं, दारात फडक्याची घडी अडकवायची म्हणजे बुरशी येत नाही. टीव्हीचा डबा प्लगमधून काढायचा. सगळ्यात शेवटी पाण्याचा मुख्य कॉक. घर दाखवायला गेलं की तो पुन्हा उघडायचा, चिठ्ठी दाराच्या आतून लावलेली असते.

दाखवायला शक्यतो दिवसाउजेडी जाते. घरात जाण्याआधी अर्धा तास एसी लावून ठेवायला काही मालक सांगतात, ते मी करत नाही. घर तापतं का, हे घेणाऱ्याला कळायलाच हवं.

निळी_शाई

चावीबद्दल चावीगुच्छ ताईंनी सुरुवातीला लिहिलं, त्यावर पुढे काय केलंत ते राहिलं.

चावीगुच्छ

खरंच राहिलं. नंबराचं कुलूप असलेली लहान पेटी मिळते, मालक तयार असेल तर ती दाराबाहेरच्या जाळीला किंवा मीटरच्या खोलीत लावते. नंबर दर पार्टीनंतर बदलायचा. मालक तयार नसेल तर चावीची एक प्रत माझ्याकडे, लेखी पोच देऊन. आणि निघायच्या आधी चावी ज्याच्या हातात आहे त्याला फोन. व्हॉट्सॲपवर निळी खूण दिसली म्हणजे माणूस घरी आहे असं नसतं, हे त्या ७ फेऱ्यांनी शिकवलं.

या महिन्याची वही १८ तारखेपर्यंत भरलीय. २४ फेऱ्या. आधीच कळू शकलं असतं अशा कारणाने फुकट गेलेल्या ३, त्यातल्या दोन माझ्या चुकीने : एका घराची मालकीणबाई रात्री उशिरा गाडी आत घेऊ देत नाही हे मी विचारलंच नव्हतं.

नवा_उंबरठा

ताई, निघायच्या आधी तुम्ही पार्टीला नेमकं काय विचारता ते इथे द्याल का? सगळं नाही जमणार, पण तेवढं तरी वापरून बघतो.

चावीगुच्छ

देते. मेसेज असा असतो :

"व्हिडिओ आणि नकाशा पूर्ण पाहिलात का? घरात कोणाला जिना चढायला त्रास होतो का? गाड्या किती आणि कोणत्या? पाळीव प्राणी आहे का? तुमचं सगळ्यात मोठं फर्निचर कोणतं, त्याची लांबी-रुंदी पाठवाल का? रात्री कामावरून उशिरा येणारं कोणी आहे का? ज्यांच्या पसंतीशिवाय घर ठरणार नाही ते सगळे पहिल्याच भेटीला येऊ शकतील तो दिवस सांगा, मी त्या दिवशी त्याच भागातली आणखी दोन घरं लावून ठेवते."

रात्री उशिराचा प्रश्न कालच घातलाय.